आधी समोरच्याचं सांगा

...नाही, मी तास बंद करणार नाही, हे हेडमास्तरांच्या तोंडावर सांगितलं आणि तुम्हालाही सांगते, कारण माझं चुकलं काय? नववीच्या पोरांना एवढंच शिकवलं, की नाजूक विषयावर बोलायचं तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं, तो 'बरोबर' म्हणाला की मगच आपलं घोडं पुढे दामटायचं... सुरुवातीला काय, 'याचं म्हणणं असं की हा गाढव आहे'. पण जमलं हो हळूहळू. मग विषय दिला, देव आहे की नाही.

झालं! शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप हवेतच थांबले. गणिताचे सर म्हणतात, "आमच्या विषयात बघा, कुणाच्या भावना दुखावत नाहीत." म्हटलं, दुखावतात सर, निकालाच्या दिवशी.

आणि दुसऱ्या दिवशी एक वडील हजर. पहिल्या बाकावर एक वाद घालणारी पोर बसते, आम्ही तिला वकीलबाईच म्हणतो, तिचे. फर्निचरचं दुकान आहे, आवाजही कपाट सरकवल्यासारखा. "मुलगी जेवताना मला विचारते, बाबा, तुमचं म्हणणं मला नीट समजलंय का? घरात असं बोलतात? घरात ओरडतात!" त्यात हेडमास्तर, हात जोडून, "बाई, देव कशाला मध्ये, पाण्याचं महत्त्व घ्या ना..." आता पाण्याच्या महत्त्वावर कोण कुणाशी भांडणार, तुम्हीच सांगा? म्हटलं, तास बंद करणार नाही. दोघं येऊन बसा, ऐका, मग बोला.

बसले. वकीलबाई उठली. "आधी बाबांचं म्हणणं सांगते. आजी दवाखान्यात होती तेव्हा बाबा रोज बाहेर बाकावर डोळे मिटून बसायचे. त्यांना वाटतं, आजी त्यामुळे घरी आली. बरोबर, बाबा?"

अहो, एवढा दांडगा माणूस, मान खाली. "बरोबर."

"मला वाटतं, डॉक्टरांमुळे आली."

बाप ताडकन उभा. म्हटलं, थांबा, आधी तिचं म्हणणं.

"तिचं म्हणणं, तिला अक्कल नाही."

अख्खा वर्ग एका सुरात, "चूक."

"तिचं म्हणणं, बाप खुळा आहे."

"चूक."

मग परत बाकावर टेकला... आणि हळूच, "तिचं म्हणणं, आजी डॉक्टरांमुळे आली. पण मी बाकावर बसायचो, ते तिने पाहिलं होतं."

वकीलबाईला 'बरोबर' म्हणताना रडू फुटलं. मलाही फुटलं, लपवू कशाला?

आता पटलं का कुणाचं कुणाला? छे, नाव नको. जिना उतरेपर्यंत भांडत होते बापलेक, पण पाळीपाळीने.

हेडमास्तर चष्मा पुसत आले. "बाई, तास बंद करायचा नाही." म्हटलं, बघा, मी काय सांगत होते... तर म्हणतात, "उलट पालकांसाठीही सुरू करू, दर रविवारी सकाळी. थांबा, आधी तुमचं म्हणणं सांगतो. काही झालं तरी तास बंद करणार नाही, असंच ना?"

गेला की माझा रविवार! "बरोबर" म्हणून बसले.