रोज सकाळची चावी

युसूफ : ...घड्याळाची पाठ उघडली की लगेच कळतं. हे बघा, इथं एक अर्धगोल वजन फिरतं. तेच नाही.

पंडित : रोटर.

युसूफ : हां, रोटर. हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की स्प्रिंग भरते. ते नाही म्हणजे नावाला ऑटोमॅटिक. बाकी मशीन एकदम साफ. डायल असली, काटे असली.

पंडित : मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, रोटर मिळवून बसवून देतो.

युसूफ : म्हणालो ना. मुंबईला माणूस धाडला, तो हात हलवत परत आला. कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलं. माझ्या भंगारातले दोन लावून पाहिले. एक पाठीला घासतो. दुसरा बसतो, पण स्प्रिंग भरत नाही.

पंडित : हलका असेल. फिरवायचा जोर, म्हणजे बलाघूर्ण, कमी पडतं.

युसूफ : ते तुम्ही बी.एस्सी.वाल्यांनी सांगायचं. मी एवढंच सांगतो, दुपारी बंद पडतं. पंडितभाऊ, त्यापेक्षा सेलचं घ्या. अख्ख्या धुळ्यातली कॉलेजची पोरं तेच घालतात.

पंडित : वडिलांसाठी घेतलं होतं. आकड्यांचं. आबांनी कानाला लावलं आणि म्हणाले, यात काही चालत नाही. तेव्हापासून ते कपाटात आहे.

युसूफ : मग त्यांचं जुनं?

पंडित : ते चांगलं चालतं. पण आबांचा उजवा हात गेला ना अर्धांगात. घड्याळ डाव्या मनगटावर, चावी द्यायला दुसरा हात नाही. रोज सकाळी मी देतो. सोमवारी मी नाशिकला नोकरीवर हजर होतोय.

युसूफ : घरात दुसरं कोणी नाही?

पंडित : दादा उजाडायच्या आत शेतात जातो. वहिनी आहे. पण ती अजून आबांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. तिच्यापुढे मनगट करायचं म्हणजे आबांना जमणार नाही. घड्याळ बंद पडेल आणि ते कुणाला सांगणार नाहीत. तसंच हातावर घालून ओट्यावर बसतील.

युसूफ : समजलं.

पंडित : जरा भिंग द्या. ही किल्ली बघा, हिच्या कडा.

युसूफ : झिजल्यात.

पंडित : ऑटोमॅटिकच्या किल्लीला वेळ लावण्यापुरता हात लागतो. ही इतकी गुळगुळीत कशी? कुणीतरी वर्षानुवर्षं रोज चावी दिलीय. म्हणजे रोटर आत्ता हरवलेला नाही, फार आधी गेलाय.

युसूफ : मालकीणबाईच येतायत, त्यांनाच विचारा. वच्छलाबाई. राहतात वरणगावला, माहेर इथं देवपुरात. त्यांचे मिस्टर तिकडं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. वारले. घड्याळ त्यांचंच.

(वच्छलाबाई दुकानाच्या पायरीशी चपला काढून आत येतात.)

वच्छलाबाई : गेलं का भाऊ घड्याळ?

युसूफ : जाईल अक्का. हे घेणार आहेत, दोंडाईच्याकडचे. पण आतली एक चीज गायब आहे.

पंडित : अक्का, या घड्याळात अर्धगोल तुकडा असतो. धातूचा, मध्ये भोक. कुठं पडला, काही आठवतं?

वच्छलाबाई : अर्ध्या चांदासारखा?

पंडित : तोच.

वच्छलाबाई : पडला नही. मंदाच्या गळ्यात शे.

युसूफ : गळ्यात?

वच्छलाबाई : माझी पोरगी, मंदा. लढाईच्या सालची. तेव्हा फॅक्टरीत रात्रपाळ्या, बठ्ठी कॉलनी, सगळी घरं दिवे मालवून अंधारात. ह्यांच्या घड्याळात खडखड व्हायला लागली. भुसावळच्या कारागिरानं तो तुकडा काढून पुडीत बांधून दिला. स्क्रू मिळाला की बसवू म्हणे. घरी सासूबाईंनी पुडी सोडली. माझी आधीची दोन्ही लेकरं वाचली नव्हती, भाऊ. सासूबाई म्हणे, चांद आपल्या पायानं घरात आला. काळ्या दोऱ्यात ओवला अन् पाळण्यात मंदाच्या गळ्यात बांधला.

पंडित : आणि त्यांनी बांधू दिला? फॅक्टरीतल्या माणसानं?

वच्छलाबाई : बोलले ना. म्हणे, आई, हे मशीनचं वजन शे, चांद नही. सासूबाई म्हणे, मग काढ तू तुझ्या हातानं.

युसूफ : काढला?

वच्छलाबाई : पाळण्यापाशी जाऊन उभे राहिले. मग घड्याळाला चावी दिली अन् ड्यूटीवर गेले. पुढं रोजच चावी.

पंडित : ती मोठी झाल्यावर तरी?

वच्छलाबाई : दोऱ्याची साखळी झाली. चांद तोच. आता लग्न ठरलंय तिचं. माझ्यासोबतच आलीय, माझ्या भावाकडे बसलीय. आणू का मागून? मी मागितला तर काढून देईल ती.

युसूफ : आणा अक्का. स्क्रू मी घडवतो. शनिवारपर्यंत पहिल्यासारखं करून देतो. यांचं काम झालं, तुमचंही झालं.

पंडित : नको.

युसूफ : अहो, त्याच्यासाठी तर मुंबईपर्यंत माणूस धाडला.

पंडित : नको, युसूफभाई. तो तिथंच राहू द्या.

युसूफ : सायन्स शिकलेले तुम्ही. गळ्यात लटकून तो काय करतो?

पंडित : काही करत नाही. तरी नको.

वच्छलाबाई : कुणासाठी घेत होता रे भाऊ?

पंडित : वडिलांसाठी. एक हात गेलाय, चावी देता येत नाही. मी देत होतो, आता नोकरीला चाललोय.

वच्छलाबाई : घरात सून नही?

पंडित : आहे. पण आबा तिच्याकडून करून घेणार नाहीत.

वच्छलाबाई : असं आबा बोलले?

पंडित : बोलले नाहीत. मी विचारलंच नाही.

वच्छलाबाई : अन् तिला?

पंडित : तिलाही नाही.

वच्छलाबाई : अन् मुंबईपर्यंत माणूस धाडला. शिकव तिला. चावी काय, दळणकांडणापेक्षा सोपी.

युसूफ : अक्का, तुम्ही माझं गिऱ्हाईक पळवताय, आणि तुमचंही.

पंडित : गिऱ्हाईक कुठं जात नाही. हे घड्याळ मी घेतो, माझ्यासाठी. आहे तसंच. माझे दोन्ही हात चालतात.

युसूफ : मग पट्टा तरी नवा घाला. हा कुजलाय.

पंडित : घाला. पण अक्का, मी आबांना ओळखतो. ते हात पुढं करणार नाहीत.

वच्छलाबाई : ह्यांचंही शेवटी तसंच झालं होतं. बोटांत जोर नही, अन् चावीला कुणाला हात लावू देत नव्हते. एका सकाळी मी न विचारता मनगट धरलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पंडित : आणि दुसऱ्या दिवशी?

वच्छलाबाई : दुसऱ्या दिवशीही फिरवलं. पण हात आधीच चादरीबाहेर काढून ठेवला होता.