मधल्या रांगेतली रिकामी खुर्ची

...आणि वर शेजारी विचारतात, "तुमची मुलगी फ्रिजच्या कंपनीत ना?" आता काय बोलायचं? अहो, तिच्या प्रयोगशाळेतल्या थंडीपुढे फ्रिज म्हणजे भट्टी! तुम्हाला सांगतो, आमची मुलगी अणू बसवते, अणू. समोरासमोरून लेझर सोडते, त्यातून उजेडाच्या रांगा तयार होतात, खुर्च्याच म्हणा ना, आणि गारठवून गप्प केलेला एकेक अणू एकेका खुर्चीत. कशाला? तर धातूच्या आत इलेक्ट्रॉन काय धिंगाणा घालतात ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही बाहेर त्याची रंगीत तालीम करते, सावकाश, बघता येईल अशी. मी नाट्यगृहात डोअरकीपर, अख्खा जन्म लोकांना खुर्च्या दाखवण्यात गेला, आणि मुलगी बघा... अणू बसवते!

तर परवा म्हणाली, "बाबा, आज सगळ्या खुर्च्या भरतील असं वाटतंय. किती वर्षं झटतेय. याल बघायला?" हे काय विचारणं झालं? इस्त्रीचा सदरा घालून हजर. खोलीत मिट्ट काळोख, टेबलभर आरसे, तिचे सर कुजबुजले, "अणूंचा उजेड फार मिणमिणता असतो, कॅमेऱ्याला तेवढाच दिसला पाहिजे." पडद्यावर ठिपके उमटले, रांगाच्या रांगा, ऊर भरून आला हो... आणि मधल्या रांगेत एक खुर्ची रिकामी! आता काळोख, रिकामी खुर्ची आणि मी... हात आपोआप खिशात गेला. टॉर्च पेटवला आणि म्हणालो, "इकडून या, मधली रांग."

उजेड आरशांवरून थेट कॅमेऱ्यात. पडदा पांढराफटक. सरांनी कपाळाला हात लावला, "हे कोण?" मुलगी म्हणते कशी, "माझे बाबा. खुर्ची रिकामी राहिलेली त्यांना बघवत नाही. मलाही नाही." रागावली असती तर परवडलं असतं, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग दंडाला धरून बाहेर नेलं, "आता पुन्हा पहिल्यापासून बसवते. तुम्ही दार सांभाळा, कुणाला आत सोडू नका."

सांभाळलं. तिच्या संस्थेचे खुद्द संचालक आले. म्हटलं, "खेळ सुरू झालाय, मध्यंतरात या." मध्यंतर कसलं डोंबलाचं... पण गेले बिचारे. आणि आतून टाळ्या! दार किलकिलं झालं, मुलीचा चेहरा नुसता फुललेला, "बाबा, हाऊसफुल्ल!" अणू बसवते हो माझी मुलगी, एक खुर्ची रिकामी नाही. म्हटलं, "मग बघू दे की." तर म्हणे, "क्षणभरच बसतात अणू, उठून गेले सगळे. फोटो आहे."

घ्या. जन्मभर दार सांभाळत नाटकं बाहेरच्या फळ्यावरच्या फोटोतच बघितली, हेही तसंच. चालायचंच.