कोऱ्या घोंगडीची खळ

माजं माहेर नातेपुत्याच्या अंगाला, आमी धनगर, मेंढरामागं फिरनारी मानसं. दुष्काळात मेंढरं गेली, मग आमचं मालक मला घेऊन सोलापुरात आलं, भवानी पेठेत गिलाव्याच्या कामावर लागलो आमी दोगं. मालक शिडीवर, मी खाली शिडी धरायला. दुसरं काय येतंय आमाला?

आमचं मिस्त्री म्हातारं, हातात लई कसब, पन नजर गेलेली. शेटजीच्या नव्या घराच्या दारावरच्या भिंतीवर त्यांनी चुन्याचा मोर काढला व्हता, निम्मा नुसता चाचपून. शेटजी म्हनला व्हता, हे बरं झालं तर देवळाचं कामबी तुमालाच. म्हाताऱ्याला तेवढीच आशा. मला रोज बजवायचं, पोरी, शिडीची टोकं भिंतीला तशीच टेकवू नको, गिलावा दबतो, जुनं धुतलेलं फडकं गुंडाळ.

आता काय सांगू तुमाला, माजं शानपन नडलं. फडकं विरलेलं, म्हनलं त्याच्यापरास आपली घोंगडी जाड हाय. आईनं दिलेली कोरी घोंगडी, काळीज घट्ट करून कापली की वो, आन शिडीच्या टोकांना गुंडाळली. कोऱ्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असती, हे धनगराच्या पोरीला ठावं नसावं? लहानपनापासनं ती खळ लावत आले मी, आन ध्यानातच आलं न्हाय. सकाळी गिलाव्यावर पानी मारलं, खळ भिजली, दुपारच्या उनात वाळली आन मोराच्या मानेपाशी भिंतीला धरून बसली. मालकांनी शिडी उचलली तर मोराची मान गिलाव्यासकट शिडीबरुबर आली.

मिस्त्रींनी ओल्या बोटानं घोंगडी चाचपली, बोट चिकटलं त्यांचं. समदं कळलं त्यांना. तेवढ्यात शेटजी आला, लई बोलला. तर मिस्त्री म्हनलं, माजाच चुना कच्चा ऱ्हायला. मी तोंड उघडनार तर मालकांनी माजा हात दाबला, काम जाईल आपलं, गप ऱ्हा. आन मी गप ऱ्हायले. ऱ्हायले की. लाज वाटती सांगताना.

देवळाचं काम दुसऱ्याला गेलं, मिस्त्री त्याच साली वारलं. आमी हाय अजून ह्याच कामावर, पोटाला मिळतं, न्हाय म्हनत न्हाय. पन कुनाचा गिलावा निघाला की बाकीचं गवंडी हसत्यात, त्या म्हाताऱ्यागत कच्चा चुना घातलास व्हय रं. वाटतं, जाऊन सांगावं खरं काय ते. पन दोनी हात शिडीला असत्यात, आन वर मालक असत्यात.