टाचेतला एक थेंब

मांडीवर चार दिवसांची नात घेऊन बसलेल्या आजीच्या कानावर लॅबच्या खिडकीतून दोघींचं बोलणं पडत होतं.

"ताई, नव्या मशीनला दोन मिली रक्त लागतं."

"कौतुक पुरे मशीनचं! एवढीशी पोर, तिच्या अंगात रक्त ते किती? टाचेतून एक थेंब घे."

"मग पेशी हातानंच मोजाव्या लागतील. तास जाईल."

"जाऊ दे."

"पण ते तुमच्याशिवाय येतं कुणाला? आणि तुमच्या डोळ्याचं तर आत्ताच ऑपरेशन झालंय."

"म्हणूनच तू मोजायचंस. मी शेजारी बसते."

"चुकले तर?"

"पुन्हा पहिल्यापासून मोजू. दुसरा थेंब मात्र मागायचा नाही."

आजीनं दुपट्यातून नातीचं पाऊल हळूच बाहेर काढलं आणि टाच तळहातात धरून ऊब देत बसली.