तपासणीसाठी आवरलेलं घर

नाही नाही मॅडम, त्या खुर्चीचा पाय लटपटतो, तुम्ही इथे पलंगावर बसा — पुसलेलं आहे सगळं, काल दिवसभर तेच तर करत होते. तुमच्या ऑफिसचं पत्र आलं ना, आजारपणाची मदत चालू ठेवायची का याची घरी येऊन तपासणी करणार म्हणून — आता माणूस घरी येणार म्हटल्यावर पसारा कसा दाखवायचा? माझी नणंद म्हणाली, "अगं खुळे, काही आवरू नकोस, भांडी पडू देत, केससुद्धा विंचरू नकोस, त्यांना तुझं दुखणं दिसलं पाहिजे." पटलं हो मला. अगदी पटलं. आणि तरी उठले आणि फडकं घेतलं. तुम्ही फरशीकडे बघताय — नका बघू. ती चकचकतेय, आणि तुम्ही तिकडे लिहिणार, घरकाम करते. ते करायला मी गोळ्या जास्त घेतल्यात. डॉक्टरांनी रोजची एक सांगितलीय, मी काल तीन घेतल्या, आज तीन. त्यांना सांगू नका हं. वर्षानुवर्षं त्याच गोळ्या, म्हणून चेहरासुद्धा असा भरल्यासारखा दिसतो, लोकांना वाटतं काय छान तब्येत आहे — ती तब्येत नाही, ती सूज आहे.

चहा घ्या ना. थर्मासमध्ये भरून ठेवलाय, ओतून तेवढा तुम्हीच घ्या. झाकण मला फिरत नाही.

हं, विचारा. पेला उचलता येतो का? — कुठला, भरलेला की रिकामा? सकाळी की दुपारी? हसू नका, खरंच विचारतेय. सकाळी दहापर्यंत ही बोटं मिटत नाहीत, अशीच राहतात, बघा, लाकडाची लावल्यासारखी. दुपारी पेला उचलते. संध्याकाळी पुन्हा नाही. तुमच्या कागदावर 'हो' आहे आणि 'नाही' आहे, मधलं काहीच नाही. मागच्या वर्षीसुद्धा याच ओळीवर अडले होते. डॉक्टर म्हणतात हा संधिवात जन्मभराचा, आणि तुमचं ऑफिस दर वर्षी माणूस पाठवतं, गेला का बघायला. गेला असता तर मीच पेढे — जाऊ दे. तुमचा काय दोष. पण एवढं ध्यानात घ्या मॅडम, ही मदत थांबली की इंजेक्शन थांबतं, आणि इंजेक्शन थांबलं की मीच थांबते. मध्ये दोन महिने तुमच्याकडे कागद अडकले होते, तेव्हा मला कूस बदलायला माणूस लागायचा. आणि माणूस कुठला? हे ट्रकवर, आठ-दहा दिवसांनी उगवतात. नणंद तिच्या संसारात.

पोरगी? आत झोपलीय. साडेतीन पूर्ण झाली. चिमणी म्हणतो आम्ही, पण नुसतं नावाला, अंगात वारं आहे तिच्या. — कोण बघतं म्हणजे? मीच. आई आहे ना मी तिची. नाही, तसं नाही, बघते म्हणजे — सकाळी तिचं दूध, तिचं शी-शू — तुम्ही पेन थांबवलंत. तुम्हाला वाटलं, हिला सगळं जमतंय, उगीच सोंग करतेय. हो ना? कपाळावर दिसतं हो. मग ऐका. त्या अडकलेल्या दोन महिन्यांत एकदा सकाळी मी उठूच शकले नाही. पडल्या पडल्या बघत होते, तिने स्टूल ओढलं, कडी काढली आणि गेली. मी हाका मारतेय. जिन्यावर तिच्या पायांचा आवाज ऐकतेय, एक मजला, दुसरा मजला, मग काहीच नाही. खालचा इस्त्रीवाला तिला काखेत घेऊन वर आला, म्हणाला, वहिनी, गाडीखाली जात होती. तोवर मी पलंगावरून फक्त एक पाय खाली टाकला होता. एक पाय! हे लिहा ना तुमच्या कागदावर.

कुठली पट्टी? — ती होय. पलंगाच्या पायाला. ती जुन्या चादरीची आहे. काल ती तेवढी सोडायची राहिली वाटतं. अहो, रोज नाही बांधत. ज्या दिवशी उठवत नाही त्याच दिवशी, कमरेला, गाठ अगदी सैल, खाली फडकं घालून. आणि मापून कापलीय मी — खेळण्यांपर्यंत पोचते, मोरीपर्यंत पोचते, माझ्यापर्यंत पोचते. शेगडीपर्यंत नाही पोचत आणि दारापर्यंत नाही. तिला खेळच वाटतो तो. स्वतःच येऊन म्हणते, आई, बांध. रडत नाही. आधी रडायची.

मॅडम, ते दुसरं पान कशाला काढलंत? नाही, तुमचा कागद पहिलाच होता, हिरवा. यावर वर 'बालक' छापलंय. सातवीपर्यंत शिकलेय मी, उलटंसुद्धा वाचता येतं. 'घरातील बालकाची देखभाल' — अहो, मी माझ्या हातांबद्दल सांगत होते. मी तुम्हाला आजार दाखवायला सांगितलं ते. तुम्हाला मुलं आहेत? नाही. मग थांबा, लिहू नका, आधी ऐका — कोण येणार चौकशीला? कधी? आणि आले की काय करतात, नुसतं विचारतात की नेतात?

अहो, तुम्ही लिहितच राहिलात.

असं करा, ते पान आत ठेवा. ठेवा म्हणते ना. आणि हिरव्यावर लिहा, पेला उचलते. सकाळी, दुपारी, केव्हाही. जिना चढते, पोरीला उचलते, तिच्या मागे पळते. फरशी बघा की, कोणी पुसली? मीच. मदत नको आम्हाला. इंजेक्शनचं बघू आमचं आम्ही. सही कुठे करायची, इथे? द्या ते पेन. नको, धरू नका, माझं मला येतं — जरा वेळ लागेल, तेवढ्यात तुम्ही चपला घाला.