नाईकाच्या पानावरची तंगडी

अरे, ही बाई कोणासंग बोलून राह्यली, कोणाची आहे रे ही, आवरा हिले! मालकाचा दिवाणजी असा ओरडला का बाभळीवरचे बगळे उडाले अन् थेट पैनगंगेच्या पल्याड जाऊन बसले, अजून परत आले नाहीत, खोटं वाटत असंल तर त्या बगळ्याइले जाऊन विचारा. मी त्याच्याकडं पाह्यलंबी नाही. माझा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, एक हात धवळ्याच्या वशिंडावर, अन् मी धवळ्यालेच सांगून राह्यली होती. धवळ्या म्हणजे आमचा बैल.

पण असं मधातूनच सांगितलं तर तुमाले काय समजंल गुरुजी, मुळापासून घ्या लिहून. माझं नाव सक्री. माहेर बाभुळगावाकडचं, सासर हे फुलसावंगीच्या अंगचा तांडा. आम्ही गोर माणसं, तुम्ही बंजारा म्हणता. माझ्या आजसासऱ्याची लदेणी होती, म्हणजे बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान लादून मुलूखभर फिरायचं. बैल किती? तर पयला बैल हैदराबादच्या वेशीत शिरे तवा शेवटचा इथं बसून रवंथ करत राहे, अन् पुढच्या गड्यानं हाक मारली तर मागच्याले ते हाक दुसऱ्या बाजाराच्या दिवशी ऐकू ये. मंग आगगाडी आली, मीठ गाडीत बसून गेलं अन् आमचे बैल रिकामे राह्यले. जिथं ते उतरत त्या माळाले तळ म्हणत, तिथंच तांडा बसला.

गोटे होते तिथं, काय सांगू तुमाले, गोटे! देवानं सारी पृथ्वी केली अन् हात झटकले ते आमच्या तळावर. माझ्या नवऱ्यानं अन् मी, घराघरानं ते गोटे वेचले, त्याइचेच धुरे म्हणजे बांध घातले, माझ्या कोपरापर्यंतच्या बलिया, आमचे रुंद चुडे, झिजून झिजून बांगड्याएवढ्या राह्यल्या. मंग वरच्या अंगाले ज्वारी आली, खालच्या काळ्यात कापूस आला. अन् कापूस आला तसा मालकबी आला.

मालकाचं नाव नका लिहू, मालकच लिहा. त्याची जमीन अशी का घार सकाळी उडाली तर सांजेले त्याच्याच आंब्यावर बसे. तळ माझा आहे म्हणे, कागद आहे म्हणे. मंग आम्ही वाहायचं, म्हणजे नांगरायचं, पेरायचं, अन् अर्धं पीक त्याच्या गाडीत. मध्यप्रदेशातून आम्हाले मुंबई राज्यात नेलं म्हणे, मंग महाराष्ट्र झाला म्हणे, एवढी सरकारं बदलली पण आम्ही तर जागचे हललो नाही, तेच गोटे, तेच अर्धं पीक.

मंग कायदा आला, सीलिंगचा. एका माणसानं इतकीच जमीन ठेवायची, वरची जे वाहतात त्या गरिबाइले वाटायची. गुरुजी, त्या सालात मालकाच्या घरी इतके वारस निघाले का गावची सुईण आपल्यावर आळ येईल म्हणून पळून गेली. भाचे, पुतणे, मरून गेलेली मावशी, देवघरातला देव, सगळ्याइच्या नावानं शेत. लोक म्हणत कुत्र्याच्या नावानंबी आहे, मी नाही म्हणत, पण ते कुत्रं त्या सालापासून ऐटीत चाले. आमचा तळ एका भाच्याच्या नावानं गेला. भाचा नागपुरात वकिली शिके. त्यानं तिफणीले हात लावला असंल तर मी मिशा ठेवीन.

तहसिलीतला साहेब चौकशीले येणार होता, जमीन खरंच कोण वाहते ते पाहाले. अन् त्याच सुमारास जिल्हा परिषदेची पयली निवडणूक लागली, मालक उभा. आता दोन्ही गोष्टी अडकल्या माझ्या सासऱ्याच्या तोंडात. सासरा तांड्याचा नाईक. नाईकानं शब्द देला का तांडा त्याच्या मागं, मत असो का साक्ष असो. मालकानं दोन बकरे धाडले, मोहाची दारू धाडली अन् निरोप धाडला, साहेबाले सांगा का भाचेसाहेब वाहतात अन् आम्ही नुसते रोजंदार, अन् पेटीत मतं माझी टाका. सासरा चिलीम ओढत राह्यला, ओढत राह्यला, मंग म्हणाला बरं.

काहून म्हणाला? विहीर मालकाची, चराईचं रान मालकाचं, जीपबी मालकाची अन् तिच्यात बसणारा जमादारबी त्याच्याच ओसरीवर चहा पिणारा. भेला माणूस. पण ते बरं म्हणजे आमचा तळ गेला गुरुजी, वेचलेला एकेक गोटा त्या वकिलाचा झाला.

मी काय करणार? आमच्यात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही अन् बायकांनी पंचायतीत बोलायचं नाही. पण जनावरासंग बोलाले कोणी मनाई केली? साऱ्या सुना तेच करतात. सासऱ्याले भाकर पाहिजे का हे मांजरीले विचारतात, सासू चुकली तर कोंबडीले रागे भरतात. ज्याले ऐकायचं तो ऐकते, अन् कोणाची मर्यादा मोडत नाही.

बकऱ्याचं असं आहे का आमच्यात बकरा कापला म्हणजे जेवढी घरं तेवढे वाटे. पळसाच्या पानावर मांडतात, काळीज सगळ्यात थोडं थोडं, हाड सगळ्यात थोडं थोडं. नाईकाचा वाटा अन् रांडमुंड म्हातारीचा वाटा तराजूत टाका, ज्या पारड्यावर माशी बसंल ते खाली जाईल, एवढाच फरक. अन् वाटा घेतला का शब्द देला. मालकाचे बकरे कापले तवा वाटे पाहाले दिवाणजीबी आला होता, त्याले हे काय माहीत, त्याच्या घरी मालकाच्या ताटात तूप अन् गड्याच्या ताटात ताक. तो पुढं झाला, म्हणाला नाईकाचा मान आहे, अन् एक अख्खी तंगडी उचलून माझ्या सासऱ्याच्या पानावर ठेवून देली.

चुलीवरच्या हंड्यानंबी उकळणं थांबवलं. सासरा त्या तंगडीकडं पाहे, लोक सासऱ्याकडं पाहत. तवा मी धवळ्याच्या वशिंडावर हात ठेवला अन् म्हटलं, धवळ्या, पाहून घे रे बाप्पा, आज आपल्या तांड्यात एक घर मोठं झालं. एवढी लदेणी घेऊन तुये बापदादे मुलूख फिरले, पण असं पान त्याइनं कधी पाह्यलं नाही. बकऱ्याचं असं झालं तर जमिनीचं कसं होईल ते तूच सांग. तंगडी नाईकाले, तळ भाच्याले, अन् तुले मले रे? आपल्याले जू. धवळ्यानं मान हलवली. माशा होत्या म्हणतात लोक. मी म्हणते त्याले पटलं. तवाच दिवाणजी ओरडला, ही बाई कोणासंग बोलून राह्यली.

सासरा उठला. दिवाणजीले वाटलं आता सुनेले झोडते. मलेबी वाटलं, खोटं कायले बोलू. त्यानं ते तंगडी उचलली अन् दिवाणजीच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ठेवून देली. मंग आपलं पान त्याच्या पुढं ठेवलं. मंग शेजारचं घर उठलं, मंग त्याच्या शेजारचं, म्हातारीनं तर आपलं पान दोन्ही हातानं नेलं. दोन्ही बकरे आले तसे परत गेले, फक्त चालत नव्हते. दारू परत करताना थोडी सांडली म्हणतात, कोणाच्या घशात सांडली ते नका लिहू.

साहेब आला तवा मालक, भाचा, दिवाणजी सगळे तळावर हजर. भाचा बोट दाखवून म्हणे हे माझं शेत. मी धवळ्याचा दोर सोडला अन् म्हटलं, जा बाप्पा, आपल्या शेतात जाऊन उभा राह्य, भाचेसाहेबाच्या शेतात पाय ठेवू नको. धवळ्या चालत गेला तो थेट भाच्यानं दाखवलेल्या शेतात, आमच्या खुट्यापाशी जाऊन उभा राह्यला. साहेब हसला, मालक नाही हसला. साहेबानं नाईकाले विचारलं, कोण वाहते? सासरा पुढं झाला अन् म्हणाला, आम्ही वाहतो, साऱ्या तांड्यानं वेचलेले गोटे ते पाहा धुऱ्यावर.

मंग काय, विहीर बंद, रान बंद. बायका घागरी घेऊन नाल्यावर जात, मी इतकं पाणी वाह्यलं का नाला मले पाहून आटे. अन् मालक निवडून आला. येणारच, जीपा फिरल्या, जिलेबीचे पाट वाह्यले, गावोगावच्या पुढाऱ्याइचे खिसे असे फुगले का ते दारातून आडवे होऊन निघत. आमच्या तांड्याची मतं त्याले गेली नाहीत, पण आमचा एक तांडा, त्याच्यापाशी पैसा.

हुकूम निघाला तो अर्ध्याचा. वरचा गोटाळ माळ आम्हाले, खालची काळी अजून कोर्टात, भाचा आता वकील झाला. अन् ते अर्धी जमीन वाटाले पाव्हणा म्हणून कोण आलं असंल? मालकच! मांडव, भोंगा, अन् भाषण, का या तांड्याले मी जमीन देली. मले म्हणतात, सक्रीबाई, पाव्हण्याले हार घाला. मी हार घेतला, खाली उतरली अन् धवळ्याच्या गळ्यात घातला. म्हटलं, धवळ्या, आपलीच जमीन आपल्याले अर्धी वाटली, वाटणाऱ्यानं तंगडी ठेवूनच घेतली बरं, ते राह्यली आहे अजून. भोंग्यापाशी उभी होती मी, साऱ्या सर्कलच्या गावाइनं ऐकलं.

आता वरच्यात ज्वारी पिकते, खालच्यासाठी तारखा चालू आहेत, आम्ही एकबी सोडत नाही, सारा तांडा पायी जातो. धवळ्या थकला, पण कोर्टाच्या गोष्टी त्याले रोज सांगते मी. काळी परत आली का तुमाले जेवाले बोलवीन गुरुजी, वाटा सगळ्याइएवढाच भेटंल, रागवू नका.

त्या मांडवातलं एक सांगायचं राह्यलं. मालक उतरला, गळ्यात हार नाही, तोंड लाल, माझ्या सासऱ्यापाशी आला अन् दात खात म्हणाला, नाईक, तुमची सून लई बोलते. सासऱ्यानं तंबाखू चोळली, तोंडात टाकली, अन् म्हणाला, ती बैलासंग बोलते, मालक.