कोनशिलेचा पडदा

वडिलांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला एक मुलगी पालिकेच्या बाकावर नंबर धरून बसली होती. शेजारी शिवणकाम करणारी एक बाई आणि तिची नणंद होती.

"वहिनी, पाय हलवू नका. बाक हलतोय."

"उद्या माझं दुकान पाडणार, आणि मी पायसुद्धा हलवू नको?"

"रस्ता रुंद होतोय. देशाचा विकास आहे म्हणे."

"होऊ दे की. मी काय देशाबाहेर बसून शिवते?"

"भरपाई देतील."

"भरपाईवर मशीन ठेवू का? परवाना आहे माझा. बदली जागा हक्काची आहे."

"जरा गोडीनं घ्या. नव्या रस्त्याच्या कोनशिलेचा पडदा साहेबांनी तुम्हालाच शिवायला दिलाय."

"कापलाय. शिवायचा राहिलाय."

तेवढ्यात साहेबच केबिनबाहेर आले.

"बाई, पडदा झाला का? परवा मंत्री येताहेत."

"जागा दाखवा, साहेब. मशीन मांडलं की लगेच शिवते."

साहेबांनी एकदा नणंदेकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

"आत या."

घरी गेल्यावर हे बाबांना सांगायचं, असं मुलीच्या मनात आलं, आणि तिचा नंबर पुकारला गेला.